गोचीड, ताप आणि तळहातांवरचे पुरळ

पावसाळा सरत आला की छत्रपती संभाजीनगरातील दवाखान्यांत तापाच्या रुग्णांची रांग वाढते. घरोघरी या तापाची ठरलेली नावे घेतली जातात: डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड, चिकुनगुन्या. रक्त तपासले जाते, प्लेटलेट मोजल्या जातात, सलाइन लावले जाते. सर्व अहवाल निर्दोष आले आणि तरीही ताप उतरला नाही, तर ‘व्हायरल असेल, चार दिवसांत जाईल’ असे म्हणून वाट पाहिली जाते. बहुतेक वेळा तो अंदाज बरोबरही ठरतो. पण अशा निनावी तापांमध्ये एक ताप असा आहे की, त्याच्या बाबतीत चार दिवस वाट पाहणे जिवावर बेतू शकते. तो गोचिडाच्या चाव्यातून येतो. त्याचा जंतू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात शिरतो. त्यावरचे औषध मात्र जुने, स्वस्त आणि साध्या औषधाच्या दुकानातही मिळणारे आहे. ते वेळेवर सुरू झाले तर बहुतेकांचा ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर तोच आजार मेंदू, फुप्फुसे आणि मूत्रपिंडे यांपर्यंत पोहोचतो.

वैद्यकशास्त्रात या तापाला ‘इंडियन टिक टायफस’ किंवा ‘स्पॉटेड फीवर’ म्हणतात. मराठीत त्याला सर्वांच्या तोंडी बसलेले नाव नाही. सोयीसाठी त्याला ‘गोचीडजन्य पुरळताप’ म्हणता येईल. नाव नसल्यामुळे तो रुग्णाच्या मनात येत नाही, नातेवाइकांच्या बोलण्यात येत नाही आणि कित्येकदा डॉक्टरांसमोरच्या माहितीतूनही निसटतो.

दोन शब्दांचा घोळ

सर्वप्रथम दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला ‘टायफस’ आणि ‘टायफॉइड’ या शब्दांचा. उच्चार जवळचे असले तरी हे दोन आजार वेगळे आहेत. टायफॉइड दूषित अन्नपाण्यातून होतो. टायफस या गटातील आजार उवा, पिसवा, माइट किंवा गोचीड यांच्यामार्फत पसरतात. टायफॉइडवर दिली जाणारी काही नामांकित इंजेक्शने टायफसवर निरुपयोगी ठरतात, म्हणून हा फरक महत्त्वाचा आहे.

दुसरा गैरसमज ‘गोचीड ताप’ या शब्दाचा. पशुपालक आणि कुत्री पाळणारे हा शब्द नेहमी वापरतात. गायी-म्हशींना आणि कुत्र्यांना गोचिडांमुळे जे आजार होतात त्यांचे जंतू बहुतांशी वेगळे असतात, आणि जनावराला ताप आला म्हणून घरातील माणसांना तोच आजार होईल असे नाही. मात्र जनावराच्या अंगावर गोचीड आहेत, याचा अर्थ माणसाच्या अंगावरही ते चढू शकतात. तेवढी सूचना त्यातून अवश्य घ्यावी.

शंभर वर्षांपूर्वीचा शोध

गोचिडाच्या चाव्यातून माणसाला ताप येतो, हे विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध झाले. अमेरिकेच्या माँटाना राज्यातील बिटररूट खोऱ्यात दरवर्षी वसंत ऋतूत एका जीवघेण्या पुरळतापाने माणसे दगावत असत. हॉवर्ड टेलर रिकेट्स या तरुण संशोधकाने १९०६ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले की, हा रोग गोचीड पसरवतात. पुढे मेक्सिकोत टायफसचा अभ्यास करीत असताना त्याच रोगाने १९१० मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. या जंतूंच्या कुळाला ‘रिकेट्सिया’ हे नाव त्याच्याच स्मरणार्थ मिळाले. त्याच वर्षी, १९१० मध्ये, ट्युनिसमध्ये काम करणाऱ्या कोनोर आणि ब्रुश यांनी भूमध्य समुद्राच्या परिसरातील अशाच एका पुरळतापाचे वर्णन केले. आपल्याकडील तापाचा मुख्य जंतू ‘रिकेट्सिया कोनोरी’ त्या कोनोरच्या नावाने ओळखला जातो.

भारतातील हकीगत आणखी लक्षणीय आहे. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अधिकारी जॉन मेगॉ यांना कुमाऊंच्या डोंगरात मुक्कामाला असताना गोचीड चावला आणि काही दिवसांनी टायफससारखा ताप आला. स्वतःच्याच आजाराची ही नोंद त्यांनी १९१७ मध्ये ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये प्रसिद्ध केली. १९२१ मध्ये त्यांनी पुढचे पाऊल टाकले आणि भारतात गोचिडांमार्फत पसरणारा टायफससारखा ताप असावा, असा तर्क मांडला. चावा आणि ताप या दोन गोष्टी त्यांनी एकमेकींशी जोडल्या, आणि त्या जोडणीतून आजाराला नाव मिळाले. एरवी ताप येईपर्यंत चावा विसरला जातो.

आपल्या महाराष्ट्रात

हा ताप डोंगराळ किंवा परक्या मुलखापुरता आहे, असा समज अनेक वर्षे होता. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये पुणे जिल्ह्यातील गोचीडजन्य रिकेट्सिया आजारांविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला, तेव्हा हे जंतू दख्खनच्या पठारावरही आहेत याचा पुरावा अभ्यासकांसमोर आला. तरीही सामान्य दवाखान्यापर्यंत ही जाणीव पोहोचायला आणखी पाव शतक गेले.

ते काम मोठ्या प्रमाणात केले ते जिल्ह्याच्या गावांतील बालरोगतज्ज्ञांनी. अकोल्याचे डॉ. नरेंद्र राठी यांनी आपल्या रुग्णालयात येणाऱ्या, कारण न सापडणाऱ्या तापाच्या मुलांचा बारकाईने अभ्यास केला. त्यातून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘इंडियन पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात एक गुणपद्धती मांडली. महागड्या तपासण्या हाताशी नसलेल्या डॉक्टरालाही रुग्णाच्या लक्षणांवरून आणि साध्या रक्त-लघवी तपासण्यांवरून या तापाचा संशय घेता यावा, हा तिचा हेतू. गुण कशाकशाला मिळतात हे पाहिले तर आजाराचे चित्रच उभे राहते: ग्रामीण भागातील वास्तव्य, घरातील पाळीव प्राणी, गोचिडांशी संपर्क किंवा प्रत्यक्ष चावा, चिपडे न येता लाल झालेले डोळे, ताप आल्यावर दोन ते चार दिवसांनी उमटलेले पुरळ, तळहात व तळपायांवरही पसरलेले पुरळ, पायांवरची सूज, वाढलेले यकृत, आणि तपासणीत कमी झालेल्या प्लेटलेट, घटलेले हिमोग्लोबिन, रक्तातील सोडियम व अल्ब्युमिन यांची घट.

सोलापूरचे डॉ. अतुल कुलकर्णी यांनीही मुलांमधील रिकेट्सिया आजारांवर सातत्याने लिहिले. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१७ मध्ये या आजारांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, तेव्हा त्यांच्या लेखकांत डॉ. राठी, डॉ. कुलकर्णी आणि नवी मुंबईचे डॉ. विजय येवले ही महाराष्ट्रातीलच नावे होती. त्याआधी २०१५ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही आपली मार्गदर्शक तत्त्वे दिली होती.

छत्रपती संभाजीनगरच्या ईशान्येला अकोला, दक्षिणेला सोलापूर, नैर्ऋत्येला पुणे. मधल्या मुलखात तीच कोरडी हवा, तीच काटेरी झुडपे, तीच शेळ्या-मेंढ्यांची खांडे आणि गल्लीबोळांतील तीच मोकाट कुत्री आहेत. गोचिडाला जिल्ह्याची शीव ठाऊक नसते. या तापाचा विचार मराठवाड्यातील घरांनी आणि दवाखान्यांनी करायला हवा, तो याचसाठी.

गोचीड कसा जगतो

गोचीड हा कीटक नव्हे. तो कोळ्यांच्या गणगोतातला आठ पायांचा जीव. अंडे, सहा पायांची अळी, आठ पायांचे पिल्लू आणि प्रौढ गोचीड अशा त्याच्या अवस्था असतात, आणि अंड्यानंतरच्या प्रत्येक अवस्थेत त्याला रक्त लागते. आपल्याकडील पुरळतापाचा प्रमुख वाहक म्हणजे कुत्र्याच्या अंगावर आढळणारा तपकिरी गोचीड. तो घराच्या आसपास राहण्यात तरबेज आहे. रक्त पिऊन झाले की तो कुत्र्याच्या अंगावरून उतरतो आणि भिंतीच्या भेगांत, फरशीच्या सांध्यांत, पायरीखाली दडतो. टच्च फुगलेली मादी अशा फटीत हजारांवर अंडी घालते. जंतू असलेल्या मादीकडून तो जंतू अंड्यांमध्येही उतरू शकतो. त्यामुळे खसखशीच्या दाण्याएवढ्या अळीचा चावाही धोक्याचा ठरू शकतो.

गोचिडाच्या लाळेत त्वचा बधिर करणारे घटक असतात. चावा दुखत नाही, खाजत नाही, आणि केसांत, कानामागे, काखेत, बेंबीत, जांघेत किंवा गुडघ्याच्या मागे तो कित्येक तास निवांत चिकटून राहतो. या तापाच्या अनेक रुग्णांना गोचीड चावल्याचे आठवत नाही. म्हणून ‘चावला होता का’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले, तरी आजाराची शक्यता संपत नाही.

शरीरात काय घडते

चाव्यानंतर साधारण दोन दिवस ते दोन आठवडे काहीच जाणवत नाही. मग एकाएकी जोराचा ताप, असह्य डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू होते. लहान मुले चिडचिडी होतात, खात-पीत नाहीत, काहींना उलट्या होतात, पोट दुखते. इथपर्यंत हा ताप डेंग्यूपेक्षा वेगळा दिसत नाही.

रिकेट्सिया हा जिवाणू आहे, पण तो पेशीबाहेर स्वतंत्रपणे वाढू शकत नाही. रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराच्या पेशींमध्ये शिरून तो तेथेच वाढतो. अस्तर सुजले की वाहिन्या पाझरू लागतात. त्वचेखालच्या बारीक वाहिन्या पाझरल्या की पुरळ उठते. तापानंतर दोन ते पाच दिवसांत ते दिसू लागते. बहुधा आधी हातापायांवर, नंतर धडावर. आरंभी ते गोवरासारखे लालसर असते, पुढे जांभळट होते. तळहात आणि तळपायांवर उठणारे पुरळ ही या आजाराची मोठी खूण आहे, कारण ताप-पुरळाच्या फार थोड्या आजारांत ते तेथे उमटते. चाव्याच्या जागी कधी सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली दिसते. आपल्याकडील रुग्णांत ती नेहमी सापडतेच असे नाही. सावळ्या त्वचेवर पुरळ चटकन दिसत नाही, म्हणून भरपूर उजेडात, कपडे बाजूला करून पाहावे लागते.

हीच पाझरण्याची क्रिया आतील अवयवांत झाली की मेंदूला सूज येते, श्वास लागतो, लघवी कमी होते. वाहिन्या तुंबल्यामुळे बोटांची टोके, कानाच्या पाळ्या काळ्या पडण्याचे प्रकारही भारतात नोंदले गेले आहेत.

तपासणी आणि उपचार यांची शर्यत

या तापाच्या निदानात एक अडचण स्वाभाविक आहे. बहुतेक चाचण्या जंतूऐवजी जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये शोधतात, आणि ती तयार व्हायला साधारण आठवडा लागतो. ‘वाइल-फेलिक्स’ ही १९१६ पासून वापरात असलेली जुनी, स्वस्त चाचणी अनेक प्रयोगशाळांत होते. पण पहिल्या आठवड्यात ती निर्दोष आली म्हणून आजार नाही असे म्हणता येत नाही. एलायझा पद्धतीची चाचणी अधिक भरवशाची, तरी काळाची मर्यादा तिलाही आहे.

म्हणूनच राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना एका बाबतीत अगदी स्पष्ट आहेत: लक्षणांवरून दाट संशय आला तर अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करावेत. औषध आहे डॉक्सिसायक्लिन. पेनिसिलीन आणि टायफॉइडसाठी सर्रास दिली जाणारी सेफ्ट्रायाक्झोनसारखी इंजेक्शने येथे उपयोगी पडत नाहीत, कारण जंतू पेशीच्या आत दडलेला असतो. सल्फा गटातील औषधांनी तर हा आजार बळावण्याचा धोका असतो. ‘भारी अँटिबायोटिक चालू आहे, तरी ताप उतरत नाही’ ही तक्रार ऐकू आली की या तापाचा विचार व्हायला हवा, तो यामुळेच. डॉक्सिसायक्लिन सुरू केल्यावर साधारण अठ्ठेचाळीस तासांत ताप उतरू लागतो आणि तो प्रतिसादच निदानाला बळ देतो.

मुलांच्या बाबतीत पालकांच्या आणि काही वेळा औषधविक्रेत्यांच्याही मनात एक जुनी भीती असते. टेट्रासायक्लिन गटातील जुन्या औषधांमुळे आठ वर्षांखालील मुलांच्या दातांवर पिवळे डाग पडत, म्हणून डॉक्सिसायक्लिनही टाळले जाई. ही भीती अल्प मुदतीच्या डॉक्सिसायक्लिनला लागू पडत नाही. अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठ वर्षांच्या आत हे औषध मिळालेल्या ५८ मुलांचे दात दंतवैद्यांनी तपासले. तसे डाग एकाही मुलाच्या दातांवर आढळले नाहीत. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या सूचनाही या तापात कोणत्याही वयाच्या मुलाला प्रथम पसंतीचे औषध म्हणून डॉक्सिसायक्लिनच सुचवतात. दातांच्या काळजीपोटी मुलाचे प्राण धोक्यात घालणे योग्य नाही.

औषध ओळखीचे आणि स्वस्त असले तरी ते स्वतःच्या मनाने घेऊ नये. गर्भवती स्त्रियांसाठी औषधाची निवड वेगळी असते. केवळ गोचीड चावला म्हणून, ताप नसताना, हे औषध घेण्याचीही आवश्यकता नाही. चाव्याची तारीख लिहून ठेवावी आणि दोन आठवडे लक्ष ठेवावे, एवढे पुरते.

जवळचे दोन आजार

महाराष्ट्रात या संदर्भात आणखी दोन नावे ऐकू येतात. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसचे अनेक रुग्ण आढळले. त्याचा वाहक गोचीड नसून गवताळ झुडपांत राहणाऱ्या माइटची सूक्ष्म अळी आहे. जंतू निराळा असला तरी औषध तेच लागू पडते. दुसरे नाव ‘क्यासनूर जंगल ताप’, म्हणजे लोकांच्या तोंडचा ‘माकडताप’. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली होती. तो गोचिडांमुळेच पसरतो, पण विषाणूचा आजार असल्यामुळे डॉक्सिसायक्लिनचा त्यावर उपयोग नाही. कोकण-गोव्याच्या सीमेवरील जंगलात जाऊन आल्यावर ताप आला, तर तसे आवर्जून सांगावे.

अंगावर गोचीड दिसला तर

गोचीड काढण्याचे घरगुती उपाय बहुतेक घरांत ठाऊक असतात: रॉकेल, चुना, तेल, बाम, नाहीतर पेटती काडी. हे सर्व टाळावेत. त्रास दिलेला गोचीड आपल्या लाळेसह पोटातील द्रव जखमेत सोडण्याची शक्यता वाढते. बारीक टोकाच्या चिमट्याने त्याला त्वचेच्या अगदी लगत, तोंडाजवळ धरावे आणि सरळ वर, सावकाश, न पिळता ओढावे. चिमटा नसेल तर बोटांना कापड किंवा प्लॅस्टिक गुंडाळावे. नंतर ती जागा व हात साबणाने स्वच्छ धुवावेत.

गोचीड नखांत धरून चिरडण्याची सवय तर पूर्णपणे सोडली पाहिजे. चिरडल्यावर त्याच्या शरीरातील जंतू बोटांवरच्या बारीक जखमेतून, किंवा तोच हात डोळ्याला लागल्यास तेथून, आत शिरू शकतात. जैन जीवविचारात ऊ, ढेकूण, मुंगी यांची गणना त्रींद्रिय जीवांत होते. गोचीडही त्याच वर्गातला. त्याला चिरडू नये हे जे घरातील वडीलधाऱ्यांनी धर्म म्हणून सांगितले, तेच वैद्यकशास्त्र सावधगिरी म्हणून सांगते. काढलेला गोचीड घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवून डॉक्टरांना दाखवता येतो. मात्र तो घराच्या किंवा गोठ्याच्या आवारात पुन्हा सोडू नये.

गोशाळा, अंगण आणि पायी वाट

समाजाच्या जीवनात या विषयाशी संबंध येणारी ठिकाणे पुष्कळ आहेत. गोशाळा आणि पांजरपोळांत आजारी, जखमी, सोडून दिलेली जनावरे येतात, आणि त्यांच्यासोबत गोचीडही येतात. नव्याने आलेले जनावर काही दिवस वेगळे बांधणे, गोठ्याच्या भिंती व गव्हाणीच्या भेगा लिंपणे, शेण व ओले गवत साचू न देणे, यांमुळे गोचिडांची उत्पत्तीच कमी होते. जीव निर्माण होऊ नयेत अशी स्वच्छता आधी राखावी, ही जयणेची शिकवण येथे तंतोतंत लागू पडते. तरीही जनावर गोचिडांनी भरले असेल तर पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. रक्त शोषले जाऊन खंगत जाणाऱ्या गायीची वेदनाही दुर्लक्षिण्याजोगी नाही. पोळ्याला बैल धुऊन-चोळून सजवण्याच्या रीतीत जनावराचे अंग निरखण्याचीही संधी होती. ती वर्षातून एकदाच न ठेवता नेहमीची करावी. सेवा करणाऱ्या कामगारांना पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे आणि संध्याकाळी अंघोळीची सोय द्यावी.

मोकाट कुत्र्यांना रोज पोळी घालणारे, त्यांना कुरवाळणारे जीवदयाप्रेमी आणि लहान मुले यांनी घरी येताच हात धुवावेत व अंग तपासावे. पाळलेल्या कुत्र्याच्या कानात, पंज्यांच्या बोटांत, गळपट्ट्याखाली दर दोन-तीन दिवसांनी पाहावे. घरात त्याची बसण्याची जागा आणि भिंतीचे कोपरे नियमित झाडावेत.

कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला कचनेरच्या वाटेने पायी निघणारे भाविक, वेरूळच्या जैन लेण्यांच्या डोंगरावर किंवा कन्नडजवळच्या गौताळा अभयारण्यात फिरणारी तरुण मंडळी, विहारात साधू-साध्वींसोबत चालणारे सेवक, या सर्वांनी मुक्कामाला पोहोचल्यावर अंग आणि कपडे तपासण्याचा परिपाठ ठेवावा. गवतात किंवा गुरे बसतात त्या सावलीत थेट बसू नये. सतरंजी वापरली तरी ती उठताना झटकावी. फिकट रंगाच्या कपड्यांवर गोचीड लवकर दिसतो. विहारातील संतांना पुरळासह ताप दिसल्यास, स्थानिक संघाने त्यांच्या मर्यादा सांभाळून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

परदेशातील मुलांसाठी

अनेक घरांतील मुले-नातवंडे आज अमेरिकेत आहेत. तेथील ईशान्य भागात गोचिडांमुळे होणारा ‘लाइम’ हा वेगळा जिवाणूजन्य आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. त्याचे नाव कनेटिकट राज्यातील लाइम या गावावरून पडले. त्या गावातील पॉली मरे या गृहिणीच्या कुटुंबाला वर्षानुवर्षे सांधेदुखी, ताप, पुरळ यांचा त्रास होत होता. डॉक्टरांना उलगडा होईना. तरी त्यांनी प्रत्येक लक्षणाची तारीखवार नोंद ठेवली. १९७५ मध्ये त्यांनी आणि तेथील दुसऱ्या एका आईने, परिसरातील इतकी मुले सांधेदुखीने आजारी का पडतात, असा प्रश्न राज्याच्या आरोग्य विभागापुढे ठेवला. त्यातून येल विद्यापीठाचे ॲलन स्टिअर यांचा अभ्यास सुरू झाला, आणि १९८२ मध्ये विली बर्गडॉर्फर यांनी त्याचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. तेथे राहणाऱ्यांनी बागेतून, जंगलातून आल्यावर अंग तपासावे आणि चाव्याभोवती पसरत जाणारे लाल वर्तुळ दिसल्यास लगेच डॉक्टरांकडे जावे. आजी-आजोबा नातवंडांकडे जातात, तेव्हा त्यांनाही ही माहिती असावी.

डॉक्टरांना काय सांगावे

मेगॉ यांची टिपणे असोत वा पॉली मरे यांची वही, आजाराची ओळख पटली ती रुग्णाकडच्या नोंदींतून. गर्दीच्या दवाखान्यात डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो. तेथे पुढील गोष्टी न विचारता सांगितल्या तर त्यांचे काम सोपे होते:

ताप कोणत्या दिवशी सुरू झाला आणि पुरळ त्यानंतर कितव्या दिवशी दिसले. तळहात व तळपायांवर पुरळ आहे का. गेल्या दोन आठवड्यांत गोचीड अंगावर, कपड्यांवर किंवा घरातल्या जनावरावर दिसला होता का. घरी कुत्रा, गाय, शेळी आहे का. शेत, गोठा, गोशाळा किंवा डोंगर येथे जाणे झाले का. आतापर्यंत कोणती औषधे, किती दिवस घेतली. आणि शेवटी एक नम्र विचारणा: ‘हा गोचिडाचा ताप असू शकेल का?’ या विचारण्यात डॉक्टरांचा अनादर नाही.

तापासोबत गुंगी, बडबड, झटके, धाप, लघवी कमी होणे, बोटे किंवा कान काळे पडणे यांपैकी काहीही दिसल्यास घरी थांबू नये. शहरातील शासकीय रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या परिचयाची ‘घाटी’, किंवा अतिदक्षता विभाग असलेले जवळचे रुग्णालय त्याच वेळी गाठावे. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये.